एक ईस्टर, तोंड मिटून

कंट्रोलरबाईंना गप्प बसवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. डेपोतल्या साहेबांना नाही, संपावर बसलेल्या ड्रायव्हरांना नाही, आणि स्थळं घेऊन येणाऱ्या मावश्यांना तर नाहीच नाही. शेवटी ते एका स्टुलानं करून दाखवलं.

स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्यावर कुणी चढायचं नाही, असं बाईंनीच घरात सगळ्यांना बजावून ठेवलेलं. ईस्टरच्या टोपल्या माळ्यावरून काढायला मात्र त्या स्वतःच चढल्या. टोपल्या खाली आल्या, बाईही आल्या. उजव्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत प्लॅस्टर बसलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा पाय पुढचे कित्येक आठवडे जमिनीला लावायचा नाही.

"म्हणजे ईस्टर संपल्यावर लावते," बाई म्हणाल्या.

"ईस्टर नाही, त्याच्या पुढचा महिना संपल्यावर," डॉक्टर म्हणाले आणि घाईघाईनं निघून गेले. बाईंशी वाद घालणारा माणूस नंतर कुठल्याच कामाला वेळेवर पोचत नाही, हे त्यांना ऐकून माहीत असावं.

बाई बसडेपोत कारकून म्हणून लागल्या होत्या. एकदा घोषणा करणारा माणूस आजारी पडला, तेव्हा एका दिवसासाठी माईक त्यांच्या हातात आला, तो निवृत्तीपर्यंत सुटला नाही, आणि त्या सगळ्यांच्या कंट्रोलरबाई झाल्या. आवाज भरदार, शब्द तोडून तोडून उच्चारलेले. कुठली बस, कुठला फलाट, किती उशीर आणि कुणामुळे, हे सगळं त्या जाहीर करत. त्यातलं शेवटचं जाहीर करायचं नसतं, असं साहेबांनी अनेकदा सांगून पाहिलं. चहाच्या टपरीवर रेंगाळलेल्या ड्रायव्हरचं नाव सगळ्या डेपोनं ऐकलं की तो अर्धा कप तसाच टाकून पळत येई. लग्नाविषयी कुणी फार खोदून विचारलं तर त्या म्हणत, "माझी गाडी आली होती हो. मीच फलाट बदलला."

त्यांचा ईस्टर सुरू झाला आईवडील गेल्यानंतर. धाकट्या भावाचं नवीन लग्न झालेलं, तो शेजारच्या जिन्यात राहायला गेलेला, आणि बाईंची पहिल्या मजल्यावरची खोली एवढीशी, की चार माणसं जेवायला बसली तर पाचव्यानं जिन्यात उभं राहावं. मग त्यांनी एके वर्षी टेबल थेट खाली अंगणात मांडलं. इमारतीतली बिऱ्हाडं एकेक करत कुतूहलानं डोकावली, ती जेवूनच वर गेली. पुढल्या वर्षी ती आपापल्या खुर्च्या घेऊन आली. देवळात जाणारी, चर्चमध्ये जाणारी, कुठेच न जाणारी, सगळी. ईस्टरला अंगणात जेवण असतं आणि ते बाईंचं असतं, हे गृहीतच धरलं जाऊ लागलं.

आणि बाईंचं म्हणजे बाईंचं. पोरांनी अंडी शोधायची, पण प्रत्येकाला रंग ठरवून दिलेला. निळ्यानं निळीच उचलायची. दुसऱ्याच्या रंगाला हात लागला की वरून नाव पुकारलं जाई. मग चमच्यावर अंडं ठेवून शर्यत, मग फळीवरून अंडी घरंगळवायची, मग जेवण. एका खेळाची वेळ संपली की पुढचा सुरू, मग आधीच्यात कुणी जिंकलं असो वा नसो. एके वर्षी पाद्रीसाहेब उशिरा आले तेव्हा भाजलेल्या कोंबडीचं ताट उचलून झालं होतं. "तुमची गाडी सुटली फादर," बाई म्हणाल्या. "केकची मिळेल." तेव्हापासून त्या रविवारचं प्रवचन आटोपशीर असे. त्याबद्दल मंडळी बाईंची ऋणी होती.

आता प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर टाकून (हे दुसरं स्टूल, चांगलं) बाई खिडकीशी बसल्या होत्या. शनिवार दुपार. टेबलावर उकडलेल्या अंड्यांचा ढीग, रंगांच्या वाट्या, ब्रश आणि भोवती घरची माणसं. भाऊ, म्हणजे गल्लीतला वायरमन, एका अंड्यावर बारीक ब्रशानं स्विचबोर्ड काढत होता. भावजय गल्लीच्या तोंडाशी पार्लर चालवायची. तिचे तीन अंड्यांवर केसांचे तीन प्रकार रंगवून झाले होते. बारा वर्षांची भाची अंड्यावर बाईंचं तोंड काढत होती, उघडं.

"वन्सं," भावजय म्हणाली, "यंदा सगळं मी बघते."

"बघ की. मी इथून सांगत जाईन."

भावानं ब्रश पाण्यात बुडवला.

"तेच नको," भावजय म्हणाली. "वरून तुम्ही, खाली मी. माणसांनी ऐकायचं कुणाचं?"

"माझं. त्यांना सवय आहे."

"ताई," भाऊ मध्ये पडला, "हिला एकदा करू दे. तू एक दिवस गप्प बसलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"मी गप्प बसू शकते. मनात आणलं तर."

यावर भाची इतकी हसली की अंड्यावरच्या तोंडाला मिशी फुटली.

तिथल्या तिथे पैज लागली. उद्या जेवणं आटोपेपर्यंत बाईंनी खिडकीतून एकही सूचना द्यायची नाही. फोन नाही, निरोप नाही. जमलं तर पुढच्या वर्षीपासून अंगण पुन्हा त्यांचं, कुणी चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर यापुढे ईस्टर भावजयीचा.

"कायमचा?" बाईंनी विचारलं.

"कायमचा," भावजय म्हणाली. ती रंग धुवायला उठली, पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

बाई "त्यात काय" म्हणाल्या खऱ्या, पण माईक डेपोत राहिला होता. आता वर्षातला हा एकच दिवस उरला होता, ज्या दिवशी त्यांच्या शब्दावर माणसं जागची हलत. शिवाय एक भीती अशी होती की ती त्यांनी भावालाही सांगितली नसती. उद्या सगळं बिघडेल याची त्यांना फारशी धास्ती नव्हती. सगळं छान पार पडलं तर, ही धास्ती होती.

रविवारी सकाळी भावानं त्यांची खुर्ची खिडकीला लावून दिली. हाताशी पावाची टोपली, लोणी, सोललेली अंडी आणि पाण्याचा जग ठेवला. "तोंड शिवशिवलं की काहीतरी खा," असा सल्ला देऊन तो चर्चला गेला.

मंडळी चर्चहून परतली ती गप्पा मारत, रमतगमत. कुणाला घाई म्हणून नव्हती. भावजयीच्या धंद्यात गिऱ्हाईक आलं की आधी बसवायचं असतं, पाच मिनिटं म्हणायचं असतं आणि मग जे जेव्हा होईल तेव्हा होतं. अंगणातही तिनं तेच चालवलं. "बसा, बसा, होतंय," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. नक्की काय होतंय, ते तिलाही माहीत नसावं. बाईंनी पावाचा पहिला तुकडा तोंडात टाकला.

मग टोप्या निघाल्या. ही भावजयीची कल्पना. प्रत्येकानं घरात जे मिळेल त्याची टोपी करून आणायची आणि ती जेवण होईपर्यंत डोक्यावरून उतरवायची नाही. वायरमननं जुन्या वायरींचं घरटं करून त्यात कापसाची पिल्लं बसवली होती. तिसऱ्या मजल्यावरचे गंभीर चेहऱ्याचे हिशेबनीस चहाच्या किटलीवरची उबदार टोपी घालून आले आणि गंभीरच राहिले. एका आजींनी लॅम्पची शेड घातली होती. तिच्यातून त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे त्या भेटेल त्याला मिठी मारत होत्या.

बाईंना हसू आलं. ते त्यांनी अंड्याबरोबर गिळलं.

अंडी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तर त्यांचा जीव खालीवर झाला. रंग नाहीत, नियम नाहीत, ज्याला सापडेल त्याचं! दांडगी पोरं कुंड्या उलट्या करत सुटली. धाकटी रिकाम्या टोपल्या घेऊन मागे मागे. वरून बाईंना सगळं दिसत होतं. मीटरच्या डब्यावर एक, नळाच्या तोटीमागे एक, सायकलच्या घंटीखाली एक, पावसाच्या पाइपाच्या तोंडात एक. पाइपातलं कुणालाच दिसत नव्हतं. बाईंनी अख्खा पाव तोंडात कोंबला. आता रडारड होणार, त्या मनाशी म्हणाल्या, आता आया खाली उतरणार. पण भावजयीनं मधोमध कपडे धुवायचा टब आणून ठेवला. "चला, सगळी अंडी यात ओता. आता वाटणी!" पोरांनी कुरकुर करत टोपल्या उपड्या केल्या आणि टबाभोवती कोंडाळं करून बसली. ज्यानं सगळ्यात जास्त आणली, त्याला वाटणी करायचा मान. दांडग्यातला दांडगा पोरगा एकाएकी न्यायाधीश झाला.

इतकं सोपं? बाईंना वाटलं. इतकी वर्षं आपण रंग मिसळत बसलो.

फळी लावली, तिला ढाळ फार दिलेला. अंडी घरंगळायच्या ऐवजी उड्या मारून फुटायला लागली. खालच्या दोन विटांतली एक काढली की काम झालं असतं. एक वीट! बाईंच्या जिभेच्या टोकावर ती वीट येऊन बसली होती. खाली मात्र जो तो आपलं फुटकं अंडं मीठ लावून खात होता आणि कुणाचं सगळ्यात वाईट फुटलं यावर भांडत होता. हिशेबनीस जिंकले. किटलीच्या टोपीसकट ते वाकून सगळ्यांना अभिवादन करत होते, आणि अंगणात असा हशा उसळला की बाईंना आठवेना, त्यांच्या राज्यात लोक शेवटचे असे कधी हसले होते. हसायला वेळच कुठे ठेवला होता.

टोपलीतला पाव संपला.

टेबलं लागली. केक उन्हात ठेवलाय. एक बाक डुगडुगतंय आणि नेमक्या त्याच टोकाला भारी माणूस बसतोय. सरबताचा जग एका कोपऱ्यात, पेले दुसऱ्या. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग मिटून राहवेना म्हणून उघडले. जेवणं वाढली जात होती. आता थोडकंच राहिलं होतं. ही जेवणं आटोपली की अंगण पुन्हा आपलं.

भावजय तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या दारापाशी गेली आणि तिनं ते वाजवलं. तिथे चावीवाले काका राहत. फाटकाजवळच्या टपरीत त्यांचं चाव्या करायचं मशीन होतं आणि जन्मभर त्याची किरकिर ऐकून त्यांचे कान पार गेले होते. भावजयीनं पुन्हा दार वाजवलं, हाक मारली, खिडकीतून डोकावली. मग "बाहेर गेलेत वाटतं" असं कुणाला तरी सांगून परत आली. तिची त्यात काही चूक नव्हती. दार वाजवून त्यांना ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. दर वर्षी त्यांना बोलवायचं काम वरूनच व्हायचं. बाई खिडकीत उभ्या राहून पुकारत, "तळमजला, चावीवाले काका, जेवायला चला!" आणि तेवढा एकच आवाज त्या कानांत शिरायचा. काका बिनबोलावता कुणाच्या पंगतीला बसणारे नव्हते. एकदा लग्नाच्या पत्रिकेवर नाव चुकलं होतं, तर ते मांडवाच्या दारातून परतले होते.

येतील बाहेर, बाईंनी स्वतःला समजावलं. कुणीतरी बघेल.

काका बाहेर आलेच. इस्त्रीचा शर्ट, हातात द्राक्षांचं भांडं. डोक्यावर टोपीही होती, पुठ्ठ्याची, तिच्यावर चाव्या टांगलेल्या. म्हणजे टोप्यांचं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. ते दारात थांबले. टेबलावर सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे, गलका चाललेला, ताटांवर चमचे वाजत होते. कुणी वळून पाहिलं नाही. काकांनी मान वर करून बाईंच्या खिडकीकडे पाहिलं.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. हात हलवायला बंदी नव्हती. बाईंनी हातानं खूण केली, जा, जा, टेबलाकडे जा. काकांना वाटलं, त्या सणाच्या शुभेच्छा देताहेत. त्यांनीही हात हलवला, टोपीला हात लावून नमस्कार केला. बाईंनी दोन्ही हातांनी टेबल दाखवलं. काकांनी मान डोलावली, हो, हो, छान दिसतंय. मग क्षणभर उभे राहून ते वळले. चाव्या वाजल्या. हात कडीवर गेला.

पैज बाईंच्या लक्षात होती. ती विसरून बोलले असं त्या पुढे कधीही म्हणाल्या नाहीत.

"तळमजला! चावीवाले काका! जेवायला चला!"

अंगणातले चमचे थांबले. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. काका वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की एवढ्यावरच बाई थांबल्या असत्या तर वायरमननं नक्की सांभाळून घेतलं असतं. बोलावणं म्हणजे काही सूचना नव्हे, हे म्हणायला त्यानं तोंड उघडलंही होतं.

पण सकाळपासून तुंबलेलं होतं ते.

"त्यांना भिंतीकडे बसवा, डाव्या कानानं थोडं ऐकू येतं! ते बाक मागे घ्या, मागे, पाय खड्ड्यात गेलाय त्याचा! केक सावलीत! कुणी सरबताचा जग हलवणार आहे की पेल्यांनी चालत यायचं? फळीखालची एक वीट काढा! आणि पाइपात अंडं आहे, पाइपात, सकाळपासून बघतेय मी, तुमच्यातल्या एकालाही डोळे नाहीत का?"

एक पोरगा उठून पाइपाकडे धावला आणि अंडं घेऊन आला. बाई धापा टाकत होत्या.

"हरली," भाची म्हणाली.

"पहिलं वाक्य माफ होतं गं," वायरमन चुकचुकला. "पहिलं वाक्य मी माफ करत होतो."

तोवर भावजय काकांचा हात धरून त्यांना टेबलाशी घेऊन आली होती. तिनं त्यांना भिंतीकडे बसवलं, त्यांच्या ताटात स्वतः वाढलं, द्राक्षं मधोमध ठेवली. मग कमरेवर हात ठेवून तिनं वर पाहिलं. तिच्या डोक्यावर जुन्या कर्लरांचा मुकुट होता.

"वन्सं, हरलात."

"ऐकलं मी."

"पुढच्या वर्षीपासून माझा."

"म्हटलं ना, ऐकलं."

"काकांचं मला माहीत नव्हतं," भावजय म्हणाली. "आणखी काय काय माहीत नाही मला?"

बाईंनी जरा विचार केला. "पुष्कळ."

"मग खाली येऊन सांगा. तिथून ओरडलेलं अर्धं कळत नाही."

हे धादांत खोटं होतं. पलीकडच्या इमारतीतही सगळं कळलं होतं. बाईंनी प्लॅस्टरकडे पाहिलं. कपाटासारखं उचलून मला जिन्यातून नेऊ नका, असं त्यांनीच शनिवारी ठणकावून सांगितलं होतं. सगळ्या इमारतीसमोर आपली वरात काढून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. आता मात्र झाकून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ज्या अंगणासाठी इतका अट्टहास, ते तर एका दमात हातचं गेलं होतं, आणि विशेष म्हणजे त्यांना भूकही लागली होती. कोरड्या पावावर सकाळ काढली होती.

"माणसं पाठव," त्या म्हणाल्या. "धडधाकट."

चौघं वर आले. वायरमन घरट्यासकट, हिशेबनीस किटलीसकट आणि मागच्या बिऱ्हाडातले दोघं भाऊ, एकाच्या डोक्यावर चाळणी, दुसऱ्याच्या पिठाची पिशवी. त्यांनी खुर्ची चारी पायांना धरून उचलली आणि दारातच चौकटीला ठोकली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

चौघं थांबले.

"आता मी बोलू शकते ना?"

"हरलीस की ताई," वायरमन म्हणाला. "आता काय, बोल हवं तेवढं."

"मग ऐका. पुढचे दोघं आधी तिरके व्हा. तिरके! किटलीवाले, तुम्ही डावीकडे. आता मागे घ्या. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स! आता सरळ."

खुर्ची चौकटीतून अलगद सुटली. जिन्याच्या वळणावर ती पुन्हा अडली, वायरमनच्या घरट्यातलं एक पिल्लू कठड्यावरून खाली पडलं आणि अंगणात टाळ्या झाल्या. खालून भावजय ओरडली, "वन्सं, सूप गार होतंय!"

"गाडी वळणावर आहे!" बाईंनी वरून जाहीर केलं. "उशीर होईल. कुणामुळे, ते खाली आल्यावर सांगते!"